फूटपाथ आहे, पण चालायचं कुठून?

‘आपलं गाव केवढंसं! बाजारात कुठंही दहा मिनिटांत पोचतो, त्यात मोजायचं काय?’ पायी चालण्याचा विषय काढला की जळगावात आणि धुळ्यात हेच ऐकायला मिळतं. अंतर कमी म्हणजे शहर पायी फिरण्याजोगं, असं यात गृहीत धरलेलं असतं. अमेरिकेत 2007 साली सुरू झालेला ‘वॉक स्कोअर’ मुख्यतः अंतरच पाहतो. दुकान, शाळा, बाग 400 मीटरच्या आत असली की पूर्ण गुण. त्या हिशेबानं जळगावची नवी पेठ आणि धुळ्याचा आग्रा रोड सहज वरच्या नंबरात पास होतील. सराफ, कापड, औषधं, बँक सगळं हाकेच्या अंतरावर. मात्र तिथवर जाताना पाय कुठे टाकायचा, हे त्या गुणांत येतच नाही.

ते मोजणारी पद्धत 2006 साली जागतिक बँकेसाठी हॉली क्रॅम्बेक यांनी मांडली. तिच्यावरून आशियातल्या शहरांसाठी जी पाहणी झाली, तिच्यात रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला नऊ बाबींवर 1 ते 5 गुण देतात. वाहनांशी होणारी गाठ, चालायची वाट, रस्ता ओलांडायची सोय, वाटेतले अडथळे, चालकांचं वागणं, अपंगांसाठीच्या सोयी अशा त्या बाबी.

धुळेकरांना आणखी एक खात्री असते : आमचं शहर आखीव, तेव्हा अडचण नाही. आखणीचं श्रेयही बहुधा सर विश्वेश्वरय्यांना दिलं जातं. धुळ्याच्या नव्या वस्तीची मूळ आखणी मात्र 1818 साली खानदेश इंग्रजांकडे गेल्यानंतर कॅप्टन ब्रिग्ज यांच्या काळातली. विश्वेश्वरय्या तेव्हा जन्मलेही नव्हते. नंबरच्या सरळ गल्ल्यांचा फायदा आहेच, वळसा कमी पडतो. पण गल्लीच्या दोन्ही अंगांना वाहनं लागली की मधल्या पट्ट्यात माणूस आणि रिक्षा एकाच वाटेवर येतात. नकाशावरची सरळ रेघ तिथे कामी येत नाही.

फूटपाथ बांधला की काम झालं, हा तर सगळ्यात महागडा गैरसमज. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार (आयआरसी 103) किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी, बाजारपेठेत त्याहून जास्त. इथे ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा. तीन मीटरच्या फूटपाथवर विजेची डीपी असेल, दुकानाची पायरी पुढे आलेली असेल आणि साइड स्टँडवर एक मोटारसायकल उभी असेल, तर टेप तिथेच लावायची. उरलेली 70 सेंटिमीटर हीच त्या फूटपाथची रुंदी. काठाची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. त्याहून उंच काठावर गुडघेदुखीची आजी चढतच नाही, रस्त्यावरून चालते, आणि लोक म्हणतात, ‘फूटपाथ कोणी वापरत नाही.’

झेब्रा पट्टे कुठे हवेत, हेही अंदाजानं ठरवायची गरज नाही. गर्दीच्या तासातले पादचारी गुणिले वाहनांच्या संख्येचा वर्ग, हा गुणाकार दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दहा कोटींच्या वर गेला की नियंत्रित क्रॉसिंगचा विचार करायचा. तासाला 800 माणसं आणि 400 वाहनं असली तरी तो पावणेतेरा कोटींपलीकडे जातो. जळगावच्या फुले मार्केटच्या परिसरात संध्याकाळी उभं राहून मोजून बघा.

‘फेरीवाले हटवा, रस्ता मोकळा होईल’ हे अर्धसत्य आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायला सांगितलं आहे. 2011 च्या जनगणनेत जळगावची वस्ती सुमारे 4 लाख 60 हजार होती, म्हणजे साडेअकरा हजारांपर्यंत. त्यांना जागा आखून द्यायची असते. शिवाय हातगाडी निदान चार गिऱ्हाइकं आणते. दिवसभर उभी राहणारी मोटार मालकाशिवाय कोणाच्याच कामाची नाही, तरी तिला अतिक्रमण म्हणायला आपण कचरतो.

दुकानदारांची भीती वेगळी : गाडी दारात आली नाही तर धंदा बसेल. कोपनहेगनमध्ये 1962 साली स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता वाहनांना बंद केला, तेव्हा तिथले व्यापारीही हेच म्हणत होते. धंदा बुडाला नाही, वाढला. पुण्यात महापालिकेनं 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्यावर एक दिवस असा प्रयोग केला.

परदेशी तक्त्यांत न बसणारी एक गोष्ट खानदेशात आधी मोजायला हवी : सावली. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना दुपारी उन्हातलं अर्धा किलोमीटर चालणं म्हणजे कागदावरच्या अर्ध्या किलोमीटरपेक्षा फार लांब. सलग सावली कुठे तुटते, ते वेगळं नोंदवावं.

14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं अडथळारहित, अपंगांनाही वापरता येतील अशा फूटपाथांचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये येतो असं म्हटलं आहे. तेव्हा महापालिकेला अर्ज देताना ‘फूटपाथ करा’ एवढंच लिहू नका. कुठल्या दुकानासमोर किती सेंटिमीटर वाट उरली आहे, तो आकडा लिहा.