कॉन्टेसाचा कणा

यंदा स्मरणिकेसाठी लिहिताना मधुमेह आणि रक्तदाब हे विषय कृपया टाळावेत, अशी संपादक मंडळाची प्रेमळ ताकीद होती. म्हणून एका वेगळ्याच रुग्णाची हकिगत सांगतो. वय पस्तिशीपुढचे, वजन टनाहून अधिक. त्याच्या कण्यावरील शस्त्रक्रियेसाठी मला, अस्थिरोगतज्ज्ञ असूनही, भुसावळच्या एका वेल्डरचे शिष्यत्व पत्करावे लागले. हा रुग्ण म्हणजे आमची १९८८ सालची कॉन्टेसा.

हिंदुस्तान मोटर्सने १९८४ साली ही गाडी आणली, ती ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या साच्यावरून. आरंभीच्या दीड लिटर इंजिनाची शक्ती जेमतेम पन्नास अश्वशक्ती. पुढे इसुझूचे १.८ लिटर इंजिन आले आणि गाडीला खरा दम आला. २००२ साली उत्पादन थांबले. प्रेम मात्र थांबले नाही. आज काही शौकीन तिच्यात टोयोटाचे सहा सिलिंडरी इंजिन बसवितात. पुण्यात अभियंता असलेला माझा पुतण्याही त्याच पंथाचा. "काका, दोनशे अश्वशक्ती तरी हवी," असा त्याचा हट्ट.

मी म्हटले, आधी रुग्ण तपासू. पुढच्या एका कोपऱ्याखाली जॅक लावला आणि चाक उचलले. मागचा दरवाजा उघडला, तो परत लागेचना! गाडीचा सांगाडा पिळवटत होता.

कॉन्टेसाला जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची कायाच सांगाड्याचे काम करते. दारांखालच्या पोकळ पेट्या, मधला बोगदा, छताचे खांब हे तिचे कणा आणि बरगड्या. त्यांची ताकद पेटीच्या बंद असण्यात असते. आपल्या कागदाच्या गावात हे समजावणे सोपे आहे. वर्तमानपत्राची नळी करून पिळून पाहा; ती सहज पिळते. तिची कड डिंकाने चिकटवून वाळू द्या आणि मग पिळा. गणितच सांगायचे तर, ८० मि.मी. व्यासाच्या आणि १ मि.मी. जाडीच्या पत्र्याच्या नळीला उभी चीर असेल, तर अखंड नळी तिच्यापेक्षा पिळाला सुमारे ४,८०० पट अधिक विरोध करते. गंजाने दाराखालची पेटी फाटली की नेमकी हीच चीर पडते.

आता अश्वशक्तीचा प्रश्न. इंजिनाचे २०० न्यूटन-मीटर बल पहिल्या गिअरमध्ये साडेतीनपट झाले, तर मागे जाणाऱ्या दांड्यावर ७०० न्यूटन-मीटर पीळ येतो आणि तेवढाच उलटा पीळ इंजिनाच्या बैठकीतून कायेवर. दुबळी काया तो सोसत नाही. काचेच्या कोपऱ्यातून तडा निघतो, दारे करकरतात आणि चाकांचे कोन वळणावर आपली जागा सोडतात. स्प्रिंगा कितीही उत्तम असोत, त्या ज्या भिंतीला टेकतात तीच हलत असेल तर उपयोग काय?

पुतण्याने पूर्वी गाडी एका गॅरेजला दिली होती. तेथे कुजलेल्या पेटीवर जाड पोलादी पट्टी डकवून वर काळा रंग फासला होता. वर्षभरात पट्टीच्या कडेलाच पत्रा फाटला. हे पाहून मला हसूही आले आणि वाईटही वाटले. अतिताठर प्लेटच्या टोकाशी हाड पुन्हा मोडलेले आपण अस्थिरोगवाल्यांनी किती वेळा पाहिले आहे! ताठरपणा जिथे एकाएकी संपतो, तिथेच ताण साचतो.

भुसावळच्या वेल्डरने पट्टी काढली, सुई लागेपर्यंत टोचून गंज शोधला आणि सडलेला भाग कापून टाकला. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी आधीच बाहेर काढली होती. गाडी चारही चाकांच्या रेषेत समतल टेकवून कर्णांची मापे घेतली. कारण वाकड्या स्थितीत जोडलेले हाड वाकडेच जुळते. मूळ जाडीच्या पत्र्याने पेटी बंद झाली. मग पुढच्या आणि मागच्या तुळयांना सांधणाऱ्या दोन चौकोनी नळ्या जमिनीला लागूनच्या पत्र्याशी एकजीव केल्या, त्यांची टोके माशाच्या तोंडासारखी निमुळती ठेवून. टाके आलटून पालटून, बोटभर लांबीचेच घातले, म्हणजे उष्णतेने पत्रा वाकत नाही. शेवटी जस्ताचा लेप.

पुतण्याला आत शर्यतीचा लोखंडी पिंजराही हवा होता. तो मी ठाम नाकारला. शर्यतपटूच्या डोक्यावर शिरस्त्राण असते. बाजारात भाजी आणायला निघालेल्या माणसाच्या नसते, आणि अपघातात कपाळ त्याच नळीवर आदळते. पुढच्या टोकाचीही मी ताठरता वाढवू दिली नाही. मर्सिडीजच्या बेला बारेन्यीने १९५०च्या दशकातच दाखवून दिले होते की, प्रवाशांची खोली मजबूत आणि टोके चुरगळणारी हवीत. कॉन्टेसात एअरबॅग नाही. निदान सीटचे पट्टे तरी नव्या, मजबूत बैठकीवर बसविले.

इंजिनाचा प्रश्न कायद्याच्या हाती आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये गाडीत मूळ विशिष्टतेपासून भिन्न फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. २०२१ सालच्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमातही पन्नास वर्षांवरच्या गाडीची चासी, काया आणि इंजिन मूळ रूपात असणे अपेक्षित आहे. पुतण्याने हे वाचले आणि तूर्त इसुझूवरच समाधान मानले.

गेल्या रविवारी आम्ही बऱ्हाणपूरहून असीरगडचा घाट चढलो. पायथ्याशी गाडी थांबवून त्याच कोपऱ्याखाली जॅक लावला. दरवाजा एका बोटाने लागला. पुतण्या दहा वेळा उघडझाप करीत राहिला. शेवटी चहा थंड होतो म्हणून त्याच्या काकूने त्याला हाक मारली.