चिखलाची गाडी, डांबराचा रस्ता

कार्तिकी एकादशीपासून साजगावची जत्रा भरते, तेव्हा खोपोलीहून ताकईकडे येणारा रस्ता वाहनांचा राहत नाही. बोंबल्या विठोबाचं देऊळ टेकडीवर, खाली सुक्या बोंबलांचे ढीग, घोंगड्या, बैलांचा बाजार. तुकोबा मिरची विकायला घाट उतरून इथे येत, असं सांगतात. गेल्या जत्रेत त्याच गर्दीतून माझा भाचा विजेवरची एक मोटरसायकल हाताने ढकलत घरी घेऊन आला. टेम्पो पुढे जाईना, म्हणून अलीकडेच उतरवावी लागली होती. परदेशी बनावटीची गाडी, पन्नास-पंचावन्न किलोची, आमच्या माळावर आणि बांधांवर पळवण्यासाठी घेतलेली. नंबरप्लेट नाही, आरसे नाहीत, इंडिकेटर नाहीत. अंगणात स्टँडवर लावून त्याने पहिला प्रश्न विचारला, "मामा, आरसे-इंडिकेटर लावले की रोज स्टेशनपर्यंत नेता येईल ना?"

नाही, एवढं उत्तर मी तिथल्या तिथे दिलं. का नाही, हे नीट सांगता यायला मला बरेच दिवस लागले. रानातल्या गाडीत प्रत्येक भाग एकट्या स्वाराचा विचार करून बसवलेला असतो. समोर माणूस नाही, मागे ट्रक नाही, पडलं तर मातीत पडायचं, हे तिथे गृहीत असतं. रस्त्यावरच्या गाडीत मात्र निम्म्या वस्तू दुसऱ्यांसाठी असतात. हा फरक चार बोल्ट आवळून मिटत नाही.

आधी टायर बघा. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला बटण टायर म्हणतात, तो हातात घेऊन एका बटणावर अंगठा दाबला की ते बाजूला झुकतं. चिखलात हेच हवं असतं. बटण खाली रुततं, मधल्या फटींतून चिखल बाहेर फेकला जातो आणि पुढचं बटण पुन्हा कोऱ्या जमिनीत दात रोवतं. डांबरात रुतायला काही नसतं. तिथे फक्त बटणांचे माथे टेकतात, म्हणजे एवढ्या जाड टायरचा रस्त्याशी संबंध उरतो तो थोड्या चौकोनी तुकड्यांपुरता. वळणावर गाडी कलली की ते तुकडे वाकतात आणि टायर आपल्याखाली सरकतोय असं वाटतं. आमच्या भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. ओल्या काँक्रीटवर, त्यातही रंगवलेल्या पट्ट्यांवर, बटण टायरवर जोरात ब्रेक लावणं हा जिवाशी खेळ आहे. हवेचंही तसंच. मातीत बारा-चौदा पीएसआयवर टायर पसरतो आणि पकडतो. तेवढ्याच हवेवर डांबरावर पळवला तर तापतो, डुलतो, आणि खड्ड्यात रिम थेट आपटते.

मग चाकं. रानातल्या मोठ्या गाडीला पुढे 21 इंची आणि मागे 18 इंची चाक असतं. मोठं चाक दगडावर, ओंडक्यावर सहज चढतं. रस्त्यासाठी दोन्हीकडे 17 इंची बसवतात, कारण चांगले रुंद टायर त्याच मापात मिळतात. पण 21 चं 17 केलं की गाडी पुढून पाचेक सेंटिमीटर खाली येते. हँडलच्या दांड्याचा कोन उभा होतो, गाडी वळायला चपळ होते आणि सरळ धावताना थोडी अस्वस्थ. पुढच्या चाकावरून वेग मोजणारा मीटर चुकीचा आकडा दाखवू लागतो. आता पकड वाढली म्हणून ब्रेकही मोठा लागतो. मातीतली डिस्क मुद्दाम लहान ठेवतात, कारण तिथे चाक पटकन लॉक होतं. डांबरावर तीच डिस्क घाटात तापून दमते. डिस्क मोठी केली तर लांब हालचालीचा फोर्क ब्रेक दाबताच नाक खुपसतो, म्हणून स्प्रिंगही बदलायची. एक वस्तू बदलली की दुसरी मागते, ती बदलली की तिसरी.

गिअर या गाड्यांना बहुतेक नसतात, त्यामुळे वेग आणि ओढ यांचा मेळ बसतो तो चेनच्या दोन चक्रांवर. मागचं स्प्रॉकेट 48 दात्यांचं असेल आणि त्याजागी 42 दात्यांचं बसवलं, तर मोटर तेवढीच फिरूनही गाडी सुमारे 14 टक्के जास्त वेगाने धावते. ओढ मात्र साडेबारा टक्क्यांनी उतरते. चढावर चिखलात ही घट लगेच जाणवते, सपाट डांबरावर जाणवत नाही. दिवे, हॉर्न, इंडिकेटर 12 व्होल्टवर चालतात आणि बॅटरी 60 किंवा त्याहून जास्त व्होल्टची, म्हणून मध्ये कन्व्हर्टर लागतो. हे काम सोपं आहे. चूक झाली तर तीही सोपी: वायर चेसीला घासते, फ्यूज उडतो, आणि रात्री घाटात दिवा जातो.

ही कसरत नवी नाही. 1979 मध्ये अमेरिकेत दूरदर्शनसाठी 'सुपरबायकर्स' नावाची शर्यत घेतली गेली. मार्गाचा काही भाग मातीचा, काही डांबराचा. तिथून रस्त्याच्या टायरवर धावणाऱ्या मातीतल्या गाड्यांचा एक वेगळाच प्रकार रुजला, तो म्हणजे सुपरमोटो. ऑस्ट्रियाची केटीएम ही मातीतल्या गाड्यांसाठी ओळखली जाणारी कंपनी. तिने 1994 मध्ये आपल्या एन्ड्युरोच्या इंजिनावर पहिली ड्यूक काढली, ती याच वळणाची. 2007 मध्ये बजाजने केटीएममध्ये वाटा घेतला, 2012 मध्ये ड्यूक 200 भारतात आली, आणि चाकणला बनणाऱ्या ड्यूक आज खोपोलीच्या कॉलेजबाहेर रांगेने उभ्या असतात. त्यांवर बसलेल्या पोरांना हे माहीत असावं असं मला फार वाटतं: त्यांच्या गाडीची पणजी चिखलातली आहे.

विजेवरच्या गाड्यांनीही हीच वाट धरली. कॅलिफोर्नियात 2006 मध्ये सुरू झालेल्या झिरो कंपनीची सुरुवात मातीतल्या हलक्या गाडीने झाली आणि 2009 मध्ये तिने रस्त्यावरची 'झिरो एस' आणली. केटीएमने फ्रीराइड ई ही विजेची रानगाडी काढून तिच्याच सांगाड्यावर 17 इंची चाकांची ई-एसएम केली. चिनी सुर-रॉन लाइट बी युरोपात रस्त्यावर आली ती दिवे-आरसे घेऊन आणि वेग 45 किलोमीटरवर बांधून. आपल्याकडे बंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेटने मार्च 2025 मध्ये शॉकवेव्ह जाहीर केली: वजन 120 किलो, 4 किलोवॉट-तासाची बॅटरी, पुढे 19 आणि मागे 17 इंची चाक, आणि बंद-चालू करता येणारं एबीएस. कागदावर तिचा पल्ला 165 किलोमीटरचा आहे. मातीचा स्वभाव ठेवून रस्त्याचे सगळे नियम मुळातच अंगावर घेतलेली ही गाडी. मला हीच पद्धत योग्य वाटते. रूपांतर कारखान्यात, आराखड्याच्या कागदावरच व्हावं, अंगणात नव्हे.

कायदाही तेच सांगतो. विजेच्या दुचाकीला नोंदणीतून सूट हवी असेल तर मोटर 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळून वजन जास्तीत जास्त 60 किलो लागतं. भाच्याची गाडी वजनात बसते, बाकी दोन्हींत नापास होते. मग ते मोटार वाहन ठरतं आणि त्या मॉडेलची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत झालेली असावी लागते. 2022 मध्ये गाड्यांना आगी लागल्यावर बॅटरीच्या चाचण्या आणखी कडक झाल्या. ते प्रमाणपत्र असेल तर आरटीओ हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांचा नंबर देतं. नसेल तर आरसे कितीही सुंदर लावा, गाडी माळावरच राहते. नोंदणी झालेल्या गाडीतही मूळ नोंदीशी विसंगत बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली. अनेक तरुणांना हा जाच वाटतो. मला वाटत नाही. समोरून येणाऱ्या माणसाने आपली बॅटरी तपासलेली नसते. त्याच्या वतीने कोणीतरी ती तपासायला हवी.

नियमांच्या त्या यादीत एक ओळ मला मनापासून आवडते. मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायची पक्की जागा हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवेत, आणि मागचं चाक निम्म्याहून कमी झाकलेलं चालत नाही, म्हणजे मागच्याचे कपडे त्यात अडकणार नाहीत. तेच आपलं साडीगार्ड. डर्टबाइकच्या चित्रात ते कधी दिसत नाही, कारण तिथे मागे कोणी बसतच नाही. सीट बेंचसारखी लांब, पण ती स्वाराला पुढे-मागे सरकण्यासाठी. मोठ्या डर्टबाइकची सीट जमिनीपासून 940-950 मिलिमीटर उंच असते. शिळफाट्याच्या कोंडीत मिनिटाला तीनदा थांबताना मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय टेकत नाहीत, एका पायाच्या बोटांवर तोल सांभाळावा लागतो. त्यात मागे नऊवारीतली आजी बसवून बघा म्हणजे कळेल की उंची, सीट, फूटरेस्ट आणि साडीगार्ड हा एकच प्रश्न आहे.

आता घाट. साजगावातून पुण्याकडे दुचाकी न्यायची तर एक्सप्रेसवे बंद, म्हणजे जुना रस्ता, शिंग्रोबाचं देऊळ आणि बोरघाट. इंग्रजांना घाटाची वाट ज्याने दाखवली असं सांगतात, त्या शिंग्रोबा धनगराला नमस्कार करून, नाणं टाकून ड्रायव्हर पुढे जातात. खोपोली ते लोणावळा चढ साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. गाडी आणि स्वार मिळून 190 किलो धरले, तर निव्वळ ती उंची गाठायला सुमारे 0.28 युनिट वीज लागते. खोपोलीला टाटांचं वीजघर 1915 पासून आहे. घाटावरच्या तलावांचं पाणी नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली येऊन तिथे टर्बाइन फिरवतं. हिशोब सरळ आहे: माणूस आणि गाडी वर जाण्यासाठी जवळपास तेवढ्याच वजनाचं पाणी खाली यायला हवं. वारा, रस्त्याचं घर्षण, मोटर आणि चार्जरमधली गळती धरली तर चारेक पिंपं. घाट चढताना हे आठवलं की बॅटरीच्या काट्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

उतरताना याच्या उलट. थ्रॉटल सोडली की मोटर जनरेटर होते, गाडी रोखते आणि थोडी वीज बॅटरीत परत टाकते. बोरघाटाला हे नवं नाही. 1930 च्या सुमारास जीआयपी रेल्वेची 'खेकडा' म्हणून ओळखली जाणारी विजेची इंजिनं कर्जत-लोणावळा चढावर आली, आणि मालगाड्या उतरवताना तीसुद्धा मोटरनेच ब्रेक लावून वीज तारेत परत पाठवत. फरक एवढाच की तारेत वीज ओतायला जागा असते, भरलेल्या बॅटरीत नसते. लोणावळ्याला चहा घेता घेता कोणी गाडी शंभर टक्के चार्ज केली आणि लगेच घाट उतरायला लागला, तर बॅटरीची यंत्रणा परतीची वीज घेत नाही. ज्या मोटरच्या रोधाची हाताला सवय झालेली असते तो पहिल्याच वळणावर गायब होतो आणि सगळा भार डिस्कवर येतो. माळावर पाच-पाच मिनिटांच्या उतारांवर हे कधी कळत नाही. म्हणून घाट उतरायचा असेल तर वर चार्जिंग ऐंशी-पंचाऐंशी टक्क्यांवर थांबवावं.

शांतपणाचाही असाच प्रश्न. रानात विजेच्या गाडीचा आवाज नसतो म्हणून पक्षी उडत नाहीत, गुरं बुजत नाहीत. ती खरोखर सुंदर गोष्ट आहे. जत्रेतल्या रस्त्यावर मात्र मागून काही येतंय हे बैलालाही कळत नाही आणि बोंबलांची पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईलाही. पाटी घेतलेलं माणूस मान वळवून बघू शकत नाही. त्याला कानच असतात.

भाच्याला हे सगळं सांगून झालं. त्याने रानगाडी माळावरच ठेवायचं ठरवलं, बटण टायर तसेच, हवा तशीच कमी. रस्त्यासाठी हिरव्या पाटीची वेगळी गाडी बघायला तो पनवेलला गेला, तेव्हा त्याची आई, माझी धाकटी बहीण, सोबत होती. तेव्हा मला उलगडलं की स्टेशनचं नाव निमित्ताला होतं. गुडघ्यांमुळे तिला दोन वर्षं देवळाच्या पायऱ्यांपर्यंत चालत जाता आलं नव्हतं. शोरूममध्ये विक्रेता पल्ला आणि पिकअप सांगत होता. तिने ते ऐकून घेतलं, पदर खोचला, भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे एका बाजूने बसली, फूटरेस्ट पायाने चाचपला आणि साडीगार्डच्या जाळीत बोटं घालून ती हलते का ते पाहिलं. "घट्ट आहे," ती म्हणाली.