ब्लू टिक म्हणजे ‘समजलं’ नव्हे!
ओझरला उतरणाऱ्या विमानाला कंट्रोलर उंची सांगतो, तेव्हा पायलट नुसतं ‘ओके’ म्हणत नाही. आकडा परत म्हणून दाखवतो. हा रीडबॅक. ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथेच पकडली जाते.

पण तेवढं पुरतं का? १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. समोरासमोर दोन विमानं: सौदीचं १४,००० फुटांवर, कझाकस्तानचं १५,००० वर. मध्ये फक्त ३०० मीटर. कझाक विमानाने १५,००० ला पोहोचल्याचं कळवलं, तरी ते आणखी खाली आलं. ३४९ जण गेले. चौकशीत पायलटांचं कच्चं इंग्रजी हे एक कारण निघालं.

त्यानंतर भारताने टीकास सक्तीचं केलं. यात विमानांची यंत्रंच आपसात बोलतात; एकाला ‘वर जा’, दुसऱ्याला ‘खाली जा’ सांगतात. माणूस चुकणारच, हे धरून बनवलेली सिस्टिमच मला भरवशाची वाटते.