अंतर तेच, मग घाम वेगळा का?

बागेतल्या कट्ट्यावर काका ठणकावून सांगतात, “अंतर तेवढंच ना? मग चाल नाहीतर पळ, कॅलरी सारख्याच!” ऐकायला अगदी पटतं. पण आकडे काकांच्या बाजूने नाहीत.

वजन 60 किलो धरू, अंतर 5 किलोमीटर. तासभर चाललात तर साधारण 210 कॅलरी खर्च होतात, अर्ध्या तासात धावलात तर 300. त्यातही नुसतं सोफ्यावर लोळलात तरी शरीर तासाला 60 कॅलरी जाळतंच. त्या वजा केल्या की उरतात चालण्याच्या 150 आणि धावण्याच्या 270. जवळजवळ दुप्पट!

कारण शोधायचं तर शर्टाच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा टाका. चालताना तो गप्प बसतो, धावायला लागलात की खुळखुळतो. धावणं म्हणजे दर पावलाला अख्खं शरीर वर फेकायचं आणि पुन्हा झेलायचं. मधे क्षणभर दोन्ही पाय हवेत. टाचेमागची जाड शीर स्प्रिंगसारखी थोडी ताकद परत देते, पण सगळी नाही. चालताना पाय काठीसारखा ताठ राहतो आणि शरीर त्यावरून उलट्या लंबकासारखं पुढे झुलतं. पुढच्या पावलाचा बराचसा खर्च मागचंच पाऊल भागवतं.

आता गंमत. हळू धावा नाहीतर जोरात, दर किलोमीटरचा खर्च फारसा बदलत नाही. इटलीच्या रोडोल्फो मार्गारिया यांनी सहकाऱ्यांसह 1963 मध्येच हिशेब मांडला होता: किलोमीटरमागे, दर किलो वजनाला साधारण एक कॅलरी.

चालण्याचं तसं नाही. ताशी 7 किलोमीटरच्या आसपास पाय आपणहून पळू बघतात. हट्टाने चालतच राहिलात, तर ताशी 8 च्या पुढे चालणंच धावण्यापेक्षा महाग पडतं. म्हणजे काकांना जिंकायचंच असेल, तर झपाझप चालावं! शर्यतीत चालणारे तेच करतात. दोन्ही पाय हवेत दिसले की पंच टिपतात, शिवाय पुढचा पाय जमिनीला टेकल्यापासून शरीराखाली सरळ उभा येईपर्यंत गुडघ्यात वाकवायचा नाही. एवढं सांभाळून जपानच्या युसुके सुझुकीने 2015 मध्ये 20 किलोमीटर 1 तास 16 मिनिटं 36 सेकंदांत कापले. ताशी 15 किलोमीटरच्या वर! आपण पळूनही त्याच्या मागेच.

आणि वाळू? बेल्जियमच्या संशोधकांनी 1998 मध्ये मोजलं: कडक जमिनीच्या तुलनेत वाळूत चालायला दोन ते पावणेतीन पट ऊर्जा लागते, धावायला 1.6 पट. म्हणजे चालणाऱ्याची काटकसर वाळूतच जास्त बुडते. तेव्हा चपला हातात घ्या आणि चौपाटीवर चाला. वाटेत भेळेची गाडी लागते, ती मात्र संशोधकांनी हिशेबात धरलेली नाही.