दुखणं अंगावर काढू नका

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून कुणी घरी आली, की आपण भेटायला जातो. ‘आता बरं आहे ना?’ विचारतो. ती ‘हो’ म्हणते, पण हात छातीशी धरून बसलेली असते. आज त्या हाताबद्दल बोलू.

या ऑपरेशनमध्ये पुष्कळदा काखेतल्या गाठीही काढतात. तिथूनच दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक नस असते. ती दुखावते, कधी कापलीही जाते. म्हणून टाके भरले तरी काखेत, दंडात जळजळ होते, मुंग्या येतात, ब्लाऊजचा स्पर्श सोसत नाही. कुणाला तर काढलेला स्तनच दुखतोय असं वाटतं. हे मनाचे खेळ नाहीत. दुखणं खरंच असतं.

सुरुवातीला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सांगितलेल्या वेळेवर घ्याव्यात. ‘सोसेल तेवढं सोसू’ म्हणून हात हलवलाच नाही, तर खांदा आखडतो आणि दुखणं वाढतं. केस विंचरणं, जेवणं अशा हलक्या कामांना हात वापरावा. नळी काढल्यावर डॉक्टरांना विचारून भिंतीचा व्यायाम सुरू करावा. भिंतीसमोर उभं राहून बोटं हळूहळू वर चालवायची. जिथवर पोचली तिथं खडूनं रेघ मारायची. ताण बसला तर चालेल, कळ आली की थांबायचं. हंडा, सरपणाची मोळी मात्र डॉक्टरांनी सांगेपर्यंत उचलू नये.

बधिर जागेला गरम पाण्याची पिशवी लावू नका. चटका बसला तरी कळत नाही.

3 महिन्यांनंतरही दुखत असेल तर दुकानातून गोळ्या आणून खात बसू नका. नसेच्या दुखण्यावर साध्या गोळ्या फारशा चालत नाहीत. त्यावर वेगळी औषधं असतात, ती डॉक्टरच देतात. हाताला सूज आली, बांगडी घट्ट झाली, तरी दाखवा. ताप, लाली किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आपल्या गटातही अशी एखादी ताई असेल. तिला ‘बरं आहे ना?’ एवढंच विचारू नका. ‘कुठं दुखतं? ठणकतं की जळजळतं? रात्री झोप लागते का?’ असं विचारा. तिनं हेच डॉक्टरांना सांगायचं आहे. एकटीला जमत नसेल तर आपल्यातली एक जण सोबत जाऊ, आणि तिचा पाण्याचा हंडा तेवढे दिवस आपण भरू.