'सूर्यपुत्र' : राष्ट्रप्रतिमेची भाषा आणि तिचा अनुवाद

जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये मांडलेल्या 'सॉफ्ट पॉवर' या संकल्पनेत बळापेक्षा आकर्षणाला महत्त्व आहे. हे आकर्षण पुष्कळदा अनुवादातूनच परदेशी पोहोचते. भारत व फ्रान्स यांनी २०१५ साली पॅरिस येथे घोषित केलेल्या आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. कर्क व मकर वृत्तांदरम्यानच्या ज्या देशांसाठी ती प्रथम कल्पिली गेली, त्यांना नरेंद्र मोदी यांनी 'सूर्यपुत्र' असे संबोधले. इंग्रजीत त्याचे 'सूर्याचे पुत्र' एवढेच उरते. मराठी वाचकाला, विशेषतः शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'नंतर (१९६७), कर्णच आठवतो. तेजस्वी, परंतु डावललेला. सूर्यप्रकाश विपुल आणि भांडवल तुटपुंजे अशा देशांना हीच छटा अधिक लागू पडते, आणि नेमकी तीच अनुवादात गळते. आघाडीचे मुख्यालय ज्या गुडगावात आहे, त्याचे २०१६ मध्ये 'गुरुग्राम' झाले, तेही द्रोणाचार्यांच्या आख्यायिकेवरून. सूर्यपुत्रांचे यजमानपद द्रोणाच्या गावाकडे यावे, हा योगायोग अर्थातच कोणी योजलेला नाही. शांतिपर्वात कर्णाला ब्रह्मास्त्र नाकारणारे द्रोणच आहेत.