प्रसूतिगृहातील प्रशिक्षणाचा हिशेब

गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत गर्भाशयाला दर मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्ताचा पुरवठा होत असतो. वार पडल्यानंतर गर्भाशय आकुंचन पावले नाही, तर धडधाकट बाळंतीण पाहता पाहता मृत्यूच्या दारी जाते. अशा प्रसंगी प्रसूतिकक्षात ज्ञानाचा तुटवडा असतोच असे नाही. कोणते इंजेक्शन द्यावयाचे हे परिचारिकेस ठाऊक असते, निवासी डॉक्टरासही ठाऊक असते. तुटवडा असतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. 'कोणीतरी रक्त मागवा' असे एकजण म्हणतो आणि प्रत्येकाला वाटते, ते दुसऱ्याने मागविले. मोठ्या डॉक्टरांना मध्यरात्री उठवावे की नाही या संकोचात मोलाची मिनिटे निघून जातात.

ही उणीव प्रशिक्षणाने भरून निघेल, या विश्वासावर गेल्या पंचवीस वर्षांत अनेक देशांनी पैसा आणि मनुष्यबळ खर्ची घातले आहे. प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, परिचारिका या सर्वांना एकत्र आणून लुटुपुटीच्या आणीबाणीत त्यांचा सराव घ्यावयाचा, सूचना नाव घेऊन द्यावयाची, ऐकणाऱ्याने ती मोठ्याने परत उच्चारावयाची आणि काम झाल्यावर 'झाले' असे सांगावयाचे, असे या शिक्षणाचे सर्वसाधारण स्वरूप असते. ते इष्ट आहे याविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो त्याने बाळंतिणीचे आणि बाळाचे नेमके काय भले झाले, हे कोण आणि कसे मोजतो, हा.

या विषयातील सर्वांत आशादायक आकडे इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या साउथमीड रुग्णालयाचे आहेत. तेथे २००० साली प्रसूतिविभागातील सर्वांसाठी असे प्रशिक्षण सुरू झाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जन्मानंतर पाच मिनिटांनी ज्यांची अवस्था चिंताजनक होती अशा बालकांचे प्रमाण दर १०,००० जन्मांमागे ८६.६ वरून ४४.६ वर आले. प्राणवायूच्या अभावी मेंदूला इजा झालेल्या बालकांचे प्रमाणही २७.३ वरून १३.६ वर, म्हणजे निम्म्यावर आले. डोके बाहेर आल्यावर खांदा अडकण्याच्या प्रसंगांत बालकाला होणाऱ्या इजा ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर उतरल्याचे २००८ साली नोंदले गेले.

हे आकडे पाहून कोणाचेही मन भारावून जावे. तथापि ही तुलना एकाच रुग्णालयाच्या 'आधी' आणि 'नंतर'ची आहे, हे विसरून चालणार नाही. पीक बुडालेल्या वर्षी शेतात नवे खत टाकले आणि पुढील वर्षी पाऊस चांगला झाला, तर श्रेय खताला द्यावे की पावसाला, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी पडणारा प्रश्न येथेही लागू आहे. ज्यांना प्रशिक्षण मिळाले नाही अशांशी तुलना केल्याखेरीज त्याचे उत्तर मिळत नाही.

अशी तुलना जेथे झाली, तेथील चित्र बरेच फिके आहे. अमेरिकेतील १५ रुग्णालयांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात २८,५३६ बाळंतपणांचा हिशेब होता. प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित गटांतील दुष्परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र तातडीच्या सिझेरियनचा निर्णय झाल्यापासून प्रत्यक्ष छेद घेईपर्यंतचा काळ एका गटात ३३.३ मिनिटे, तर प्रशिक्षितांच्या गटात २१.२ मिनिटे होता. नेदरलँड्समधील २४ प्रसूतिविभागांच्या २०१७ सालच्या अभ्यासातही एकंदर गुंतागुंत कमी झाली नाही, खांदा अडकल्याने होणाऱ्या इजा तेवढ्या घटल्या. ब्रिस्टलचीच पद्धत स्कॉटलंडमधील १२ विभागांत नेली गेली, तेव्हा त्यांपैकी दोन विभागांनी ती अमलातच आणली नाही आणि एकूण निष्कर्ष निर्णायक ठरला नाही.

येथे घाईने 'प्रशिक्षण फोल आहे' असा निकाल देणे हीही चूकच ठरेल. साउथमीडमध्ये प्रशिक्षण रुग्णालयाच्या आवारात, तेथल्याच माणसांनी, सर्वांना आणि वर्षानुवर्षे दिले. एखाद्या विभागातील निवडक मंडळींना एक दिवस शिकवून परत धाडणे, ही नावाने तीच पण गुणाने वेगळी वस्तू आहे. लुटुपुटीच्या झटक्यांच्या रुग्णावर केलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात असे दिसले, की चमूची कामगिरी त्यातील व्यक्तींच्या ज्ञानावर अवलंबून नव्हती. आणीबाणी आहे हे जो चमू लवकर आणि स्पष्ट शब्दांत जाहीर करी, तो सरस ठरे. सरस चमूतील माणसे खोलीबाहेरही कमी वेळा जात.

भारतापुरता सर्वांत बोलका प्रयोग उत्तर प्रदेशात झाला. तेथील १२० शासकीय केंद्रांपैकी निम्म्यांत जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित बाळंतपणाची तपासयादी वापरण्यास शिकवून, आठ महिने मार्गदर्शक पाठवून कर्मचाऱ्यांचे वागणे सुधारण्याचा यत्न केला गेला. वागणे सुधारले. दोन महिन्यांनंतर योग्य कृतींचे प्रमाण तेथे ७३ टक्के, तर इतरत्र ४२ टक्के होते. परंतु २०१७ साली दीड लाखांहून अधिक बाळंतपणांचा हिशेब जाहीर झाला, तेव्हा मृत्यू व गंभीर गुंतागुंत यांचे एकत्रित प्रमाण १५.१ आणि १५.३ टक्के, म्हणजे अक्षरशः सारखेच निघाले. मार्गदर्शन थांबल्यावर चार महिन्यांत ७३ चे ६२ टक्के झाले, ते वेगळेच. हात धुणारी परिचारिका रक्तपेढी निर्माण करू शकत नाही, आणि संवादकुशल डॉक्टर नसलेल्या भूलतज्ज्ञाची जागा भरू शकत नाही, एवढे तरी यावरून उमजावे.

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ सालीच मांडल्या होत्या: शिकणाऱ्याला ते आवडले का, तो शिकला का, त्याचे वागणे बदलले का, आणि त्यातून फळ मिळाले का. सरकारी अहवाल बहुधा पहिल्या पायरीपर्यंतही पोहोचत नाहीत, ते उपस्थितीपटावर थांबतात. अमुक इतक्या परिचारिका प्रशिक्षित झाल्या, हा आकडा विधिमंडळात सांगावयास सोपा पडतो. केवळ कागद पाहून पैसे देण्याने काय होते, याचा धडा इंग्लंडनेही घेतला आहे. तेथे प्रसूतिविभागांनी सुरक्षिततेच्या अटी पूर्ण केल्या, की विम्याच्या वर्गणीतील काही भाग परत मिळतो. प्रशिक्षणाची उपस्थिती ही त्यांपैकी एक अट. या योजनेखाली २०१८ साली श्रूजबरी व टेलफर्ड येथील रुग्णालय-संस्थेला जवळजवळ १० लाख पौंड मिळाले. ती रक्कम पुढे परत करावी लागली, आणि त्याच संस्थेतील बाळंतिणी व बालकांच्या हेळसांडीवर २०२२ साली चौकशी-अहवाल निघाला.

महाराष्ट्रात हा हिशेब मांडावयाचा, तर आणखी एक अडचण आहे, आणि ती एका अर्थी चांगली आहे. २०१८ ते २०२० या काळात राज्याचा मातामृत्युदर दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता. या सरासरीने वर्षाला ३,००० बाळंतपणे करणाऱ्या रुग्णालयात एक मृत्यू अपेक्षित धरावा लागेल. प्रशिक्षणानंतरच्या वर्षी तेथे एकही मृत्यू झाला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुढच्या वर्षी दोन झाले तरीही नाही. अनेक जिल्ह्यांची आकडेवारी एकत्र करणे आणि काही जिल्ह्यांत प्रशिक्षण आधी, काहींत नंतर सुरू करून दोहोंची तुलना करणे, हाच मार्ग उरतो. तसे करण्यास जादा निधी फारसा लागत नाही. लागते ते आधी ठरविणे.

दरम्यान, २०१७ साली केंद्राने सुरू केलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमाखाली प्रसूतिकक्षांना गुण देऊन प्रमाणपत्रे मिळतात. त्या गुणांच्या जोडीला एक साधी नोंदवही ठेवता येईल. हाक कोणत्या मिनिटाला दिली, कोण कोणत्या मिनिटाला आले, रक्त केव्हा पोहोचले आणि शस्त्रक्रिया केव्हा सुरू झाली, एवढेच त्यात लिहावयाचे. मिनिटे दर आठवड्याला मोजता येतात, मृत्यूची वाट पाहावी लागत नाही. आणि प्रशिक्षित परिचारिकेची बदली झाली, की तिच्या पाठीमागे मिनिटे वाढली का, हेही दिसेल. वहीला खर्च जवळजवळ नाही. मात्र ती भरणाऱ्या परिचारिकेला, वरिष्ठ डॉक्टर चाळीस मिनिटांनी आले असे लिहिण्याची मुभा असावी लागेल, आणि ते लिहिल्यानंतर तिची बदली होता कामा नये.